मागून भाऊ येतोय

१

चष्मेवाल्याला डोंगराची हौस कधीच नव्हती. हौस होती ती थोरल्या भावाला. थोरला पोस्टमन होता. छत्तीस वर्षं त्याने पायी टपाल वाटलं, आणि खात्याने सायकल दिली तेव्हा बरेच दिवस ती नुसती हातात धरून तिच्या शेजारून चालला. रविवारी तरी माणसाने पाय पसरून पडावं, तर हा म्हणायचा, आठवडाभर दुसऱ्यांच्या दारात गेलो, आज आपल्या मर्जीने कुठेतरी जाऊ. मग उन्हाळ्यातल्या एका रविवारी तिघं निघायची. थोरला, त्याची बायको आणि हा धाकटा.

धाकट्याने लग्न केलं नव्हतं. खाली दुकान, दुकानामागे काच घासायचं यंत्र, वर एक खोली, एवढाच त्याचा पसारा. जेवायला मात्र रोज संध्याकाळी भावाकडे. भावाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या घरात लाड करून घ्यायला हा एकटाच होता, आणि साठी ओलांडली तरी त्याने ती जागा सोडली नव्हती.

डोंगरावर थोरला भराभर पुढे जायचा, वळणावर थांबायचा, आणि धाकटा धापा टाकत तिथे पोचला की लगेच चालू पडायचा. "म्हणजे विश्रांती सगळी तुला आणि दम सगळा मला," अशी धाकट्याची जुनी तक्रार. त्यावर थोरला हसून त्याला लहानपणच्या नावाने हाक मारायचा. कासव. चारचौघांत कधीच नाही. केस पिकलेल्या दुकानदाराला कासव म्हणू नये, एवढं भान त्याला होतं. फक्त डोंगरावर.

गेल्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी थोरला वारला. छातीचं दुखणं, तीन दिवस इस्पितळ, आणि संपलं. डोंगराचा त्यात काही संबंध नव्हता. हे चष्मेवाल्याने पुढे स्वतःला पुष्कळदा बजावलं.

यंदा एका संध्याकाळी वहिनीने वाढता वाढता विचारलं, रविवारी जाऊन येऊ या का. त्याचे गुडघे कुरकुरत होते, शिवाय त्या वाटेवर पुन्हा पाऊल टाकायची त्याची छाती होत नव्हती. पण वर्षभरात तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. तो हो म्हणाला.

२

रविवारी सकाळी उकाडा होता आणि आभाळ भरलेलं. बसमधून उतरले तेव्हा डोंगराचा वरचा अर्धा भाग नव्हताच. झाडांची रांग संपायची तिथे ढग बसला होता, ओल्या चादरीसारखा, हलत नव्हता. चष्मेवाला म्हणाला, वर काही दिसायचं नाही, परत फिरू. वहिनी म्हणाली की दिसण्यासाठी कुठे आलोय.

वाट ओळखीची होती. आधी दगडी पायऱ्या, मग झाडांतली मातीची वाट, मग उघडी चढण. दोघं फारसं बोलले नाहीत. पुढे चालायला कोणी नसल्यामुळे दोघंही सारखे एकमेकांसाठी थांबत होते.

झाडी संपत आली तशी वाफ अंगाला लागायला लागली. त्याने चष्मा पुसला. पुन्हा धूसर झाला. तेवढ्यात वरून एक जोडपं उतरताना दिसलं, तरुण, पाठीवर पिशव्या. बाई त्याच्यापाशी येऊन थांबली.

"तुम्ही भाऊ ना?" तिने विचारलं. "ते वर थांबलेत. म्हणाले, मागून भाऊ येतोय, भेटला तर सांगा, घाई करू नकोस म्हणावं."

चष्मेवाला म्हणाला, मी नव्हे, दुसरं कोणी असेल. बाई ओशाळली, माफ करा म्हणाली आणि दोघं उतरून गेली. त्याने मागे वळून पाहिलं. खालच्या वाटेवर दूरवर कोणी नव्हतं. असेल कोणीतरी, अजून बसमधून उतरायचा असेल. जगात भाऊ काय एकालाच असतात?

वहिनी दहा पावलं पुढे होती. तिने ऐकलं की नाही ते त्याने विचारलं नाही.

३

थोडं वर गेल्यावर दोन काठ्या टेकत येणारा एक म्हातारा भेटला. तोही थांबला. म्हणाला, तुमची वाट बघतायत. चष्मेवाल्याने जरा रागानेच विचारलं, कोण? म्हाताऱ्याने दम घेतला, काठी काखेत धरली आणि मोकळ्या हाताने स्वतःचा उजवा खांदा खाली दाबून दाखवला.

"उंच आहेत. हा खांदा असा उतरलेला. माणूस चांगला आहे हो, पण बसत नाही. मी म्हटलं बसा, तर म्हणाले, बसलो की पुन्हा उठवत नाही."

छत्तीस वर्षं टपालाची पिशवी त्या खांद्यावर होती. आणि ते वाक्यही थोरल्याचंच, अगदी शब्दाला शब्द.

म्हातारा गेल्यावर वहिनी खाली वाकली आणि बुटाची नाडी बांधू लागली. बांधलेली नाडी तिने सोडली आणि पुन्हा बांधली.

चष्मेवाला मनाशी हिशेब लावू लागला. त्याच्या धंद्यात एक गोष्ट तो पहिल्याच वर्षी शिकला होता. माणूस डोळ्याने कमी बघतो, ठाऊक असलेलं जास्त बघतो. गिऱ्हाइकं नजर तपासायच्या तक्त्यावरची खालची ओळ घडाघडा वाचतात, आणि तक्ता बदलला की गप्प होतात, कारण आधीचा त्यांना पाठ असतो. तसंच हे. उतरलेला खांदा शंभरात दहांचा असतो. बसलो की उठवत नाही, हे तर तो स्वतःही म्हणतो. मनात भाऊ आहे, म्हणून कानात भाऊ येतोय. तक्ता बदलला की समजेल.

असं सगळं नीट लागलं, आणि तरीही पुढचं पाऊल टाकताना त्याचा हात वाटेच्या कडेच्या दगडावर टेकलेलाच राहिला.

४

अर्ध्या वाटेवर लाकडी छपराखाली दोन बाकडी आहेत. तिथे दोघं बसले. ढग आता छपराच्या खांबांमधून आत येत होता. दहा हातांपलीकडची वाट दिसत नव्हती. वरून पाण्याचे थेंब छपरावर पडत होते, पाऊस नव्हे, नुसता ढगच टपकत होता.

वहिनी त्याच इस्पितळात चौकशीच्या खिडकीत नोकरीला होती. त्या तीन दिवसांतला तिसरा दिवस तिच्या कामाचा होता. रजा मागितली असती तर मिळाली असती, पण डॉक्टर म्हणाले होते धोका टळला, आणि थोरल्यानेच तिला पिटाळलं होतं, जा, दोन जिने खाली तर आहेस. ती खाली बसून लोकांना सांगत होती, क्ष-किरण डाव्या हाताला, रक्त तपासणी सरळ जाऊन उजवीकडे. आणि वर तो गेला.

हे सगळं त्याला माहीत होतं. तिने या बाकड्यावर जे सांगितलं ते माहीत नव्हतं.

"ते शेवटपर्यंत तुमचंच विचारत होते, भाऊजी. वॉर्डातली सिस्टर म्हणाली मला. दर पाच मिनिटांनी, माझा भाऊ आला का, माझा भाऊ आला का. मी खाली आहे, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं."

आदल्या दिवशी थोरल्याने इस्पितळातून फोन केला होता, जरा येऊन जा. एका शिक्षिकेच्या काचा सकाळी द्यायच्या होत्या. उद्या येतो म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी अकराला पोचला तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. हे त्याने आजवर कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, आणि वहिनीने कधी विचारलं नव्हतं. आता तिला सांगावं, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं.

तेवढ्यात वरून तिघी मुली उतरल्या, कॉलेजच्या असाव्यात, भिजलेल्या, खिदळत. एक छपराखाली डोकावली आणि दोघांकडे बघून म्हणाली, "सॉरी हं, विचित्र प्रश्न आहे. तुमच्यात कासव कोण?"

तिच्या मागची फिस्सकन हसली. चष्मेवाल्याने चष्मा नाकावरून उतरवून पुसला आणि पुन्हा चढवला. मुलीला वाटलं, चुकीच्या माणसांना विचारलं. ती गोरीमोरी होऊन निघून गेली. त्यांचं हसणं खाली खाली जात विरलं.

तक्ता बदलला होता, आणि अक्षरं तीच होती.

वहिनी उठली. पाण्याची बाटली बाकड्यावर तशीच ठेवून वाटेला लागली.

५

त्याने हाक मारली. ती थांबली नाही. तिच्या चालण्यात आता वय नव्हतं. छपराखाली गारठ्याने चढवलेला तिचा निळा स्वेटर चार पावलांत राखाडी झाला आणि आणखी चार पावलांत गेला.

चष्मेवाला तिच्या मागे निघाला. डाव्या बाजूला घसरण आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो उजव्या अंगाच्या दगडांना हात लावत चढू लागला. चष्मा काढून खिशात टाकला. तसंही त्यातून काही दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून ऐकू जास्त येत होतं. स्वतःचा श्वास. काळजाचे ठोके. वर वहिनीच्या बुटांखाली सरकणारी बारीक खडी, तिची घाईची, तुटक पावलं.

आणि तिच्याही पुढे आणखी एक चाल.

लांब टांगा, मध्ये थोडा खंड, पुन्हा टांगा. टपालवाल्याची चाल, दाराशी क्षणभर थबकून पुढच्या दाराकडे जाणारी. लहानपणी शाळेतून येताना तो याच लांब टांगांच्या आवाजामागे चालत घरी यायचा. आवाज एका जागी थांबला. वहिनीची पावलंही थांबली.

प्रतिध्वनी, तो मनात म्हणाला. डोंगरात आवाज फिरतो. त्याच्याच पावलांचा आवाज वर आपटून खाली येतोय. खात्री करावी म्हणून तो जागेवर उभा राहिला आणि श्वास रोखून धरला.

वरून कोणीतरी एकदा घसा खाकरला. वाट बघून कंटाळलेला माणूस खाकरतो तसा, सहज.

चष्मेवाल्याला भीती वाटली ती या सहजपणाची. रडणं, किंचाळणं असतं तर तो कदाचित वाऱ्यावर ढकलून मोकळा झाला असता. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. त्याचे पाय वर जायला आपण होऊन उचलत होते. गुडघे दुखायचे थांबले होते.

६

वारा आला तसा त्याने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. ढग फाटला तो जेमतेम दोन श्वासांपुरता.

वरच्या वळणावर वहिनी उभी होती. तिच्यासमोर एक माणूस, याच्याकडे पाठ केलेला. उंच. उजवा खांदा उतरलेला. अंगात थोरल्याचा पातळ करडा शर्ट, आणि त्या ओल्या ढगात तो शर्ट कोरडा ठणठणीत, वाऱ्यावर फडफडत होता. माणूस किंचित वाकून, मान कलती करून ऐकत होता, अनोळखी बाईशी अदबीने बोलावं तसा. वहिनीचा हात उचललेला होता. ती त्याला खालची वाट दाखवत होती. दिवसातून शंभरदा खिडकीतून दाखवायची तशीच, तळहात सरळ, बोटं जुळलेली.

हाताच्या दिशेने त्या माणसाने मान वळवायला सुरुवात केली. कानाची पाळी दिसली, गालाचं हाड दिसलं.

ढग मिटला.

७

वहिनी एकटी खाली आली. येऊन त्याच्या शेजारी वाटेतल्या ओल्या दगडावर बसली. तिचा चेहरा पाण्याने निथळत होता. त्यातलं ढगाचं किती हे सांगता आलं नसतं.

मग ती बोलू लागली, नोंद वाचून दाखवावी तशी, एका सुरात.

"ओळखलं नाही त्यांनी मला. म्हणाले, ताई, मागे एक जण येताना दिसला का? माझा भाऊ. जरा सावकाश चालतो."

चष्मेवाल्याने खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

"मी म्हटलं, अहो, मी. तर चाचपडले. म्हणाले, माफ करा, ओळख लागत नाही. फार नम्रपणे म्हणाले. तेहतीस वर्षं, भाऊजी. माझा चेहरा बघून त्यांच्या डोळ्यांत काही म्हणजे काही हललं नाही. मग मी वाट दाखवली. दुसरं काय करणार?"

तेवढ्यात हाक आली. वरून, फार लांबून नाही. "कासवा." आवाजात ना दुःख, ना राग, नुसती वाट बघणं. "कासवा, येतोस ना?"

चष्मेवाला उठून उभा राहिला. आपण उठलो हे त्याला नंतर कळलं. एक पाऊल वरही गेलं होतं. फक्त एवढंच सांगून यायचं होतं, की त्या दिवशी मी यायला हवं होतं, काचा काय, दुपारी दिल्या असत्या. तेवढं सांगायला कितीसा वेळ लागणार?

त्याच्या बाहीला ओढ बसली. वहिनीने दोन्ही हातांनी बाही धरली होती.

"आज नका जाऊ," ती म्हणाली.

का, ते तिने सांगितलं नाही. वर गेला तर हाही मरेल म्हणून ती घाबरली असेल, असं त्याला वाटलं. नवऱ्यापाठोपाठ दीरही गेला तर ती एकटीने काय करील? तो थांबला. तिच्या हाताला धरून तो खाली उतरू लागला, आणि पहिल्या वळणापर्यंत मागून दोन वेळा हाक आली. तिसरी आली नाही. न आलेल्या त्या हाकेची वाट बघत तो सबंध डोंगर उतरला.

बसस्टॉपवर ऊन होतं. ज्या तिघी मुली आधी उतरल्या होत्या त्या तिथे बूट झटकत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने विचारलं, वर थांबलेले ते काका भेटले का? वहिनी म्हणाली, हो.

८

त्यानंतर काही आठवडे तो दररोज जेवायला गेला, आणि डोंगराचा विषय दोघांनी काढला नाही. चष्मेवाल्याने स्वतःची समजूत काढून पाहिली. थकलेली माणसं, ढग, एकाच्या दुःखाला दुसऱ्याचं दुःख लागलेलं. अर्धं पटायचं. मग रविवारी आभाळ भरून यायचं, आणि वहिनीच्या दाराला कुलूप असायचं. शेजारीण सांगायची, सकाळीच गेल्या, पाण्याची बाटली घेऊन.

असे चार रविवार झाले. चौथ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वहिनी दुकानात आली. चष्म्याची एक काडी वाकली होती, स्क्रू ढिला झाला होता. पडलात का, त्याने विचारलं. थोडंसं घसरले, ती म्हणाली. तिच्या कोपरावर खरचटलं होतं. पण चेहरा वर्षभरात नव्हता इतका टवटवीत दिसत होता.

त्याने चष्मा उजेडात धरला. काच तपासायचं निमित्त करून तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही वर जाता."

"ढग असला की."

"वहिनी, ते बरं नाही."

"मला माहीत आहे बरं नाही ते," ती म्हणाली. मग स्टुलावर बसली आणि हळूहळू सांगू लागली. पहिल्या खेपेला ते नुसतं, ताई, माझा भाऊ दिसला का, एवढंच म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला म्हणाले, तुम्ही मागेही भेटला होतात का? मग त्यांनी वाटेतला एक सैल दगड दाखवला, जपून म्हणाले. ती आता त्यांच्यासोबत पंधरा-वीस मिनिटं उभी राहते. ते बसत नाहीत, म्हणून तीही बसत नाही. हवेबद्दल बोलतात. टपालाबद्दल बोलतात. भावाबद्दल तर फारच. लहानपणी तो विहिरीच्या काठावर झोपला होता, ते त्यांनी दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.

"काल त्यांनी माझं नाव विचारलं," ती म्हणाली. सांगताना तिने पदर तोंडाशी नेला. लग्न ठरलेल्या मुलीने न्यावा तसा. मग तिलाच ते उमगलं आणि हात खाली आला.

चष्मेवाल्याच्या हातात बारीक पेचकस होता. तो त्याने खाली ठेवला.

"मी येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. "एकदाच. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत. त्याने बोलावलं तेव्हा मी गेलो नाही, वहिनी. फोन केला होता त्याने. मी उद्या येतो म्हटलं."

एवढी गोष्ट सव्वा वर्ष त्याच्या छातीवर होती. वहिनीने ती शांतपणे ऐकून घेतली. ती दुखावली नाही, चकितही झाली नाही. बहुधा तिला हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

"तुम्ही येऊ नका, भाऊजी," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या. ते तुमच्यासाठी थांबलेत. तुम्ही भेटलात की त्यांचं तिथलं काम संपलं. माझ्यासाठी ते थांबायचे नाहीत. मी त्यांची अजून कोणीच नाही."

दुकानात कोणी नव्हतं. समोरच्या भिंतीवरचा तक्ता मोठ्या अक्षरांपासून लहान अक्षरांपर्यंत उतरत गेला होता. चष्मेवाल्याला त्यातलं एकही अक्षर धड दिसत नव्हतं. त्याला कळलं की ती डोंगरावर त्याच्या बाहीला का लटकली होती. तो मरेल म्हणून नव्हे. आणि कळलं तरी तिचा राग आला नाही. आयुष्यभर त्याने त्या घरात लाड करून घेतले होते. मागायची पाळी आज तिची होती.

त्याने स्क्रू बसवला, काडी सरळ केली, काचा मऊ कापडाने पुसल्या आणि चष्मा तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांवर चढवला. बाहेर आभाळ खाली आलं होतं. रविवारपर्यंत असंच राहील, असं कोणीतरी सकाळी म्हणालं होतं.

दारापाशी ती थांबली.

"त्यांना काही सांगू का?"

चष्मेवाला काउंटरवरचं कापड घडी करत राहिला. घडीची घडी झाली, आणखी लहान होईना, तेव्हा त्याने ते ठेवलं.

"येतोय म्हणावं," तो म्हणाला. "निघालोय, वाटेत आहे म्हणावं."